‘लिहून द्या’ : वरच्या मजल्यावरच्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
डायरेक्टर मंडळी, एचआर हेड, आणि ज्यांच्या केबिनला काचेचं दार आहे ते सगळे साहेब आणि मॅडम लोक

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमचा मेल आला. परचेसमधल्या एकाला सप्लायरकडून पैसे घेताना पकडलं, त्याला घरी पाठवलं, आणि मग सगळ्यांना मेल, की हा ‘एका व्यक्तीच्या मूल्यांचा प्रश्न आहे, कंपनीच्या संस्कृतीचा नाही’. खाली लिंक. एथिक्सचं ऑनलाइन ट्रेनिंग, चाळीस मिनिटं, शेवटी वीस प्रश्न, सगळ्यांना कम्पल्सरी.

त्या ट्रेनिंगचं आमच्या डिपार्टमेंटमध्ये काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या डॅशबोर्डवर ते दिसणार नाही. सकाळी आमच्या मॅनेजरने सांगितलं की पाचच्या आत आपलं डिपार्टमेंट शंभर टक्के दिसलं पाहिजे, रिपोर्ट वर जातोय, बाकी मला काही माहीत नाही. साडेतीनला ग्रुपवर एक फोटो आला, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली वीस उत्तरं, एक ब, दोन ड, असं सगळं. पावणेपाचला आम्ही शंभर टक्के. मी पण त्याच फोटोवरून टिक केलं, खोटं कशाला बोलू. सातवा प्रश्न तेवढा वाचला गेला चुकून, ‘सहकारी चुकीच्या मार्गाने काम पूर्ण करताना दिसल्यास तुम्ही काय कराल?’ फोटोत उत्तर होतं क. मी क दाबलं. क मध्ये काय होतं ते आजही माहीत नाही.

आता यात चोर कोण? आमच्यात कोणी चोर नाहीये हो. सगळी बऱ्या घरची माणसं, कोणी दुसऱ्याच्या डब्याला हात लावणार नाही. पाच वाजता शंभर टक्के पाहिजे एवढं सांगितलं आणि ‘बाकी मला माहीत नाही’ हे पुढे जोडलं, बस, काम झालं.

माझी अकाउंट्समध्ये सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा इथेच, म्हणून जरा हक्काने लिहितोय. कोणी पकडला गेला की तुम्ही लोक लगेच घरी पोचता, म्हणजे त्याच्या घरी. संस्कार कमी पडले, बॅकग्राउंड बघायला पाहिजे होतं, आता इंटरव्ह्यूमध्ये फॅमिलीबद्दल जास्त विचारा. जसं काही माणूस गेटवर आयकार्ड दाखवतो तसे संस्कार पण दाखवतो आणि तेच दिवसभर गळ्यात घालून फिरतो.

माझे वडील शिंपी होते. गिऱ्हाइकाने कापड जास्त आणलं आणि उरलं, तर ते घडी घालून शिवलेल्या कपड्याच्या आत ठेवून परत द्यायचे, वीतभर असलं तरी. गिऱ्हाइकाला बऱ्याचदा कळायचं पण नाही काय उरलं ते. मी मशीनच्या पायाशी बसून हे बघत मोठा झालो. म्हणजे तुमच्या भाषेत बॅकग्राउंड एकदम क्लीन. आणि याच मी, शिंप्याच्या पोराने, दोन तारखेला गेलेल्या मालाचं बिल एकतीस तारखेचं लावलं. एकदा नाही, जवळजवळ दोन वर्षं.

हे सगळ्यांनाच कळेल असं नाही म्हणून थोडं सांगतो. महिन्याचं टार्गेट एकतीसला संपतं. माल तयार आहे पण गाडी लागली नाही, मग पुढच्या महिन्यात गेलेला माल या महिन्याच्या विक्रीत दाखवायचा, म्हणजे आकडा बसतो. तेव्हाचे साहेब कधीच म्हणाले नाहीत की खोटं बिल लाव. ते म्हणाले, ‘जरा मॅनेज कर.’ या मॅनेज शब्दाने जेवढी पापं पोटात घातलीत तेवढी दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातली नसतील. ‘बघून घे’, ‘अॅडजस्ट कर’, ‘वरून आलंय’, सगळी याचीच भावंडं. ऐकणाऱ्याला काय करायचं ते बरोब्बर कळतं आणि बोलणारा उद्या हात वर करायला मोकळा. पहिल्यांदा माल दोन तारखेला गेला होता, दोन दिवसांचा तर प्रश्न, झोप लागली मला. सहा महिन्यांनी माल पाच तारखेला जायला लागला. वर्षभराने एकदा असं बिल लावलं ज्याचा माल अजून मशीनवर होता. कुठल्या दिवशी मी लबाड झालो ते विचाराल तर सांगता यायचं नाही, असा दिवसच नव्हता.

वडिलांचं काय झालं मग? काही नाही, ते होतेच की. घरी गेलो की मी तोच होतो, दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर मागे जाऊन देणारा. ऑफिसचं दार ओलांडलं की दुसरी टोपी.

ही टोपीची गोष्ट मी मनाने रचलेली नाहीये. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत एक कॉन्फरन्स कॉल झाला, चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी उडवायचं की नाही यावर. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत रबराच्या रिंगा नीट काम करतील याची खात्री नाही, उडवू नका. नासावाले वैतागले. मग त्याच कंपनीच्या एका वरच्या साहेबाने आपल्या इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली. तो प्रमुख वाईट घरचा होता का? तासाभरापूर्वी तोच तर नको म्हणत होता.

अजून एक घ्या. २०१४ साली एका मोठ्या बँकेच्या १२८ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग छापून आला. प्रत्येकाने एकट्याने नाणं दहा वेळा उडवायचं आणि काय पडलं ते स्वतःच सांगायचं, ठरलेली बाजू पडली की पैसे, बघायला कोणी नाही. काही जणांना आधी साधे प्रश्न विचारले, आठवड्यात टीव्ही किती बघता वगैरे. त्यांचे आकडे साधारण निम्मे निम्मे आले, म्हणजे खरं बोलले बिचारे. दुसऱ्यांना आधी बँकेतल्या कामाबद्दल विचारलं, फक्त विचारलं हां, त्यांचं नाणं अठ्ठावन्न टक्के वेळा पैशाच्या बाजूला पडायला लागलं. बँक तीच, माणसं त्याच तऱ्हेची. नुसती ऑफिसची आठवण करून दिली आणि हात हलला. म्हणजे घरचा माणूस प्रामाणिकच होता, ऑफिसने त्याच्यात काय भरलं होतं ते विचारायला पाहिजे, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

पण मी असंही म्हणणार नाही की माणूस कुठून आला याला काहीच अर्थ नाही, तसं म्हणणारे लोक मला जरा भाबडेच वाटतात. न्यूयॉर्कमधल्या परदेशी वकिलातींच्या लोकांची गोष्ट आहे ना, दोन अर्थतज्ज्ञांनी काढलेली. या लोकांना पार्किंगचा दंड भरायची सक्ती नव्हती, कोणी काही करू शकत नव्हतं. १९९७ च्या शेवटापासून २००२ पर्यंत न भरलेल्या पावत्या दीड लाखावर गेल्या. आणि त्यात स्पष्ट दिसलं की ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त तिथल्या लोकांच्या पावत्या जास्त, नॉर्वे स्वीडनवाल्यांची पाटी कोरी. झालं, तुम्ही म्हणाल, बघा, बॅकग्राउंड! हो, पण पुढचं वाचा. २००२ मध्ये शहराला अधिकार मिळाला की दंड थकवला तर गाडीची खास नंबरप्लेटच काढून घ्यायची. न भरलेल्या पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी खाली आल्या. माणसं कुठलीही असू देत, संस्कार कसलेही असू देत, वरून एक गोष्ट बदलली आणि सगळे शहाण्यासारखी गाडी लावायला लागले. कोणी बघत नाही तेव्हा माणूस घरचं घेऊन वागतो, आणि वरचा काय खपवून घेतो हे एकदा कळलं की त्याप्रमाणे वागतो. ऑफिसात तर वरचा चोवीस तास डोक्यावर असतो, मग घरचं कधी बाहेर यायचं?

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांची.

ऑडिट लागणार होतं. बिल एकतीसचं, पण गेट रजिस्टरमध्ये गाडी बाहेर गेल्याची नोंद दोनची, ऑडिटर ते रजिस्टर मागवणार हे नक्की. साहेबांनी मला बघितलं, मी माझ्या ज्युनिअरला बघितलं. नवीन पोरगं होतं, वर्ष पण झालं नव्हतं. त्याला म्हटलं, जा, काकांकडून ती नोंद नवीन पानावर लिहून आण, जुनं पान काढायला सांग. वर हे पण म्हटलं की अरे एवढं सगळीकडे चालतं. हे वाक्य माझं, साहेबांचं नाही. तुम्ही टोन ॲट द टॉप म्हणता, म्हणजे वरचा वागतो तसे खालचे वागतात, तर त्या पोराच्या वर मी होतो, त्याचं टॉप मीच.

पोरगं अर्ध्या तासाने परत आलं, रजिस्टर न घेता. मी तावातावाने खाली गेलो. काकांनी रजिस्टर उघडून पान माझ्यासमोर धरलं, निळ्या पेनाची गिचमिड, गाडी नंबर, वेळ सकाळी नऊ वीस, ड्रायव्हरची सही. म्हणाले, ‘गाडी दोन तारखेला गेली. माझ्यासमोर गेली. मी दोनच लिहिणार. तुम्हाला एकतीस पाहिजे असेल तर साहेबांना सांगा, मला तसं लिहून द्या, सही करून. मग मी लिहितो.’ आवाज चढवला नाही, काही नाही. चहा घेणार का पण विचारलं.

मी वर जाऊन साहेबांना सांगितलं, काका म्हणतात लिहून द्या. साहेबांनी एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, राहू दे. विषय बंद. बिल रद्द झालं, नवीन तारखेचं लागलं. दोन वर्षं जे थांबलं नव्हतं ते दोन शब्दांत थांबलं, त्या महिन्यापुरतं तरी.

काकांना मी नंतर एकदा विचारलं, एवढं डेअरिंग कुठून आलं. मला वाटलं काहीतरी तत्त्वाचं बोलतील. ते म्हणाले, ‘डेअरिंग कसलं, मला आधीच्या नोकरीची पेन्शन येते, घर स्वतःचं झालंय, पोरं मार्गी लागली. इथून काढलं तर मी घरी बसेन. तुला हप्ते आहेत, तू नडू नको.’

साहेब लोक, बॅकग्राउंड हे आहे. तुम्ही त्यात संस्कार शोधता आणि त्यात पहिल्यांदा बघायचं असतं ते हे, की या माणसाला नाही म्हणायची ऐपत आहे का. घरात कमावणारा एकटा आहे का, कर्ज किती, आजारपण चालू आहे का, ही नोकरी गेली तर दुसरी किती दिवसांत मिळेल. सत्य माझ्या आणि काकांच्या मनात सारखंच होतं हो, किंमत सारखी नव्हती. काकांना ते फुकटात पडत होतं, मला घरासकट पडलं असतं. आणि तुम्ही मॅनेज कर कोणाला सांगता ते पण बघा एकदा, ज्याच्या मागे कोणी उभं आहे त्याला कधीच सांगत नाही. जो अडलेला आहे त्यालाच ओळखून सांगितलं जातं. पुढे पकडला गेला की त्याचे संस्कार काढायचे.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो नावाच्या बँकेचं असंच झालं. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ प्रॉडक्ट मारा असं वरून ध्येय, आकडा रोज तपासायचा. काउंटरवरच्या पोरापोरींनी लोकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा कळलं की बँकेने पाच वर्षांत ५,३०० लोकांना काढलंय, त्यातले बहुतेक खालचे. साडेअठरा कोटी डॉलर दंड बसला. साहेबांनी आधी हेच सांगितलं की चूक वागणाऱ्यांची आहे, आम्ही असं करा म्हणून कधी सांगितलंच नाही. सांगितलं नसेलच! आमच्या साहेबांनी तरी कुठे सांगितलं होतं. पुढच्या वर्षी बँकेच्याच बोर्डाच्या चौकशीत दोष विक्रीच्या दबावावर आला आणि वरच्या दोघांकडून अजून साडेसात कोटी डॉलर परत घेतले. मला त्यात एकच गोष्ट कळत नाही, पाच हजार माणसं एकाच कामासाठी काढताना कोणाच्याच मनात आलं नाही का, की पाच हजार घरांचे संस्कार एकाच वेळी कसे बिघडले?

बरं, पोराचं सांगायचं राहिलं. गेटवरून आल्यावर ते शांत होतं. पुढच्या महिनाअखेरीला साहेबांचा फोन आला, मी त्याला म्हटलं हे बिल लाव, आणि ते उभं राहून म्हणालं, ‘सर, मला पण लिहून द्या.’ १९६० च्या दशकात येल विद्यापीठात शॉक देण्याचे ते प्रसिद्ध प्रयोग झाले (शॉक खोटे होते, पण देणाऱ्याला खरे वाटत होते), ४० पैकी २६ माणसं पलीकडच्या खोलीतला माणूस भिंत बडवत असताना प्रयोग घेणाऱ्या साहेबाच्या सांगण्यावरून शेवटच्या बटणापर्यंत गेली. पण ज्या वेळी शेजारी बसलेल्या दोघांनी आम्ही नाही करणार म्हणून हात काढले, त्या वेळी ४० पैकी ४ च शेवटपर्यंत गेली. एक जण नाही म्हणाला की दुसऱ्याच्या घशात अडकलेलं नाही बाहेर पडतं. आमच्याकडे ते काम काकांनी केलं होतं. फरक एवढाच की पोराला पेन्शन नव्हती, घरी आई आणि धाकटी बहीण, तरी म्हणालं.

मी चिडलो त्याच्यावर. खूप बोललो. खरं तर मला लाज वाटली होती आणि ती कुठे काढायची ते कळलं नाही. बिल मीच लावलं. मार्चमध्ये अप्रेझल आलं तेव्हा साहेब म्हणाले त्याचं जरा बघ, ॲटिट्यूड आहे. मी फॉर्म भरला. ‘टीम प्लेअर नाही.’ पाच पैकी दोन. तीन महिन्यांत पोरगं सोडून गेलं, एक्झिट इंटरव्ह्यूत काय बोललं ते एचआरला माहीत, बहुतेक काहीच नसेल बोललं.

आणि मग साहेब बदलले. मॅडम आल्या. पहिल्याच महिनाअखेरीला संध्याकाळी सातला त्या खाली डिस्पॅचला येऊन आमच्याजवळच्या खुर्चीवर बसल्या, विचारलं ही गाडी निघाली का. मी सवयीने म्हटलं, निघेल मॅडम, आपण बिल लावून ठेवू. त्या म्हणाल्या, निघाली का? म्हटलं नाही. ‘मग पुढच्या महिन्यात लागेल.’ एवढंच. भाषण नाही, स्लाइड नाहीत. दुसऱ्या दिवशी काचेच्या केबिनमधून त्यांचा कॉल आम्हाला दिसत होता, वरून चांगलंच पडत होतं, त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या की माल गेला नाही तर बिल कसं लावणार. टार्गेट हुकलं. त्यांनी ते आमच्यावर ढकललं नाही. दोन महिने हुकलं, तिसऱ्या महिन्यात प्रॉडक्शनवाल्यांनीच आधीपासून हालचाल सुरू केली, कारण आता अकाउंट्स वाचवणार नाही हे त्यांना कळलं होतं.

डिपार्टमेंट तेच होतं हो. एक माणूस आला नाही, एक गेला नाही. आमच्यातला एक जण जो पेट्रोलच्या बिलात नेहमी हात मारायचा, सगळ्यांना माहीत होतं, तो पण सरळ बिलं द्यायला लागला, कोणी सांगितलं नव्हतं. आणि मजा म्हणजे चुका वाढल्या! म्हणजे रिपोर्टमध्ये वाढल्या. पूर्वी क्रेडिट नोटची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बिलातून रक्कम कमी करायच्या कागदाची, गडबड झाली की आम्ही आपापसात मिटवायचो, आता जाऊन सांगायला लागलो. तुमच्याकडून लगेच मेल आला की या डिपार्टमेंटमध्ये एरर वाढलेत, खुलासा द्या. नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास झाला होता, त्यात पण हेच निघालं की चांगल्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या, कारण तिथे चूक सांगायला नर्स घाबरत नव्हत्या. ज्या डिपार्टमेंटमधून वर्षभर एकही तक्रार येत नाही त्याला तुम्ही ट्रॉफी देता, मी तुमच्या जागी असतो तर तपासायला तिथेच पहिला गेलो असतो.

मागायचं तसं फार नाहीये. ट्रेनिंग बंद करा असं म्हणत नाही, पण १९७३ चा एक प्रयोग आठवा, धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यातले निम्मे पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर बोलायला निघालेले, बाकीचे दुसऱ्या विषयावर, वाटेत खरंच एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना वेळ होता त्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झालाय पळा असं सांगितलं होतं त्यातले १० टक्के. कोणत्या विषयावर बोलायचंय याने म्हणावा तसा फरक पडला नाही. तर ते पाच वाजता शंभर टक्के वालं काढा आधी. इंटरव्ह्यूत वडील काय करतात हे विचारायचं सोडा आणि मॅनेजर करताना त्याच्या हाताखालच्यांना विचारा, हा माणूस वरून पडलेलं स्वतःच्या अंगावर घेतो का खाली ढकलतो. आणि कोणीही खालच्याने ‘लिहून द्या’ म्हटलं तर त्याला लिहून द्यायचं किंवा विषय सोडायचा, तिसरा रस्ता नाही, असा एक नियम करा. एका ओळीचा आहे, ट्रेनिंग पण लागणार नाही.

राहिलं त्या पोराचं. त्याची फाईल तुमच्याकडे असेलच, सोडून गेलेल्यांच्या कपाटात. त्यातला ‘टीम प्लेअर नाही’ हा शेरा माझ्या हातचा आहे, अक्षर जुळवून बघा. कुठल्या नवीन कंपनीने त्याच्याबद्दल विचारायला फोन केला तर तुम्ही तोच वाचून दाखवत असाल याची मला धास्ती आहे. तो शेरा खोटा आहे आणि का लिहिला ते मी लिहून द्यायला तयार आहे, तारीख घालून, सही करून. जी खरी असेल ती तारीख.

आपला,
अकाउंट्समधला एक जुना माणूस